राहून गेलेला रिपोर्ट

कन्याकुमारी सोडल्याच्या अकराव्या दिवशी, भर दुपारी, मिहीर सबनीस सायकलवरून नागपुरात शिरला. सतराशे चाळीस किलोमीटर मागे पडले होते आणि त्याच्या पोटऱ्यांत एकदाही गोळा आला नव्हता. वय चाळीस. शाळेत असताना खो-खोच्या संघात राखीव गडी म्हणूनसुद्धा त्याला कोणी घेतलं नव्हतं.

वर्धा रस्त्यावर लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांसाठी नवं विश्रामगृह झालं होतं. काश्मीरकडे जाणारे इथं दोन दिवस थांबत. व्हरांड्यात सायकली टांगायला हुक होते, मागच्या अंगणात पाय बुडवून बसायला गरम पाण्याचे हौद होते. मिहीर आत आला तेव्हा सहा-सात जण भिंतीला पाय टेकवून जमिनीवर आडवे पडले होते. त्यांतला एक केरळी मुलगा घोट्याला बर्फ लावत होता. त्यानं मिहीरकडे पाहिलं आणि विचारलं, "आज कुठून?"

"आदिलाबादहून."

"एका दिवसात?" मुलानं बर्फ बाजूला ठेवला. "आणि उभे आहात?"

मिहीर उगाच खाली बसला.

मागोमाग व्हॅन आली. तिच्यातून रेवती चौबळ उतरली. मिहीरच्या औषध कंपनीच्या वतीनं हा प्रवास तीच सांभाळत होती. तिनं मिहीरच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला, आकडा वाचला आणि हसली. "दोन पॉइंट एक. सकाळपासून सायकल मारून दोन पॉइंट एक! मी ऑफिसचे तीन जिने चढले तरी याच्या दुप्पट येईल."

हा आकडा होता लॅक्टेटचा. स्नायू जोरात राबले की लॅक्टेट तयार होतं. एके काळी लोक त्याला थकव्याचं विष समजत. तसं ते नाही. ते अर्धवट जळलेलं इंधन आहे. रक्तातून ते शरीरभर फिरतं आणि थोडं आतड्यातही झिरपतं. आतड्यातल्या काही जीवाणूंचं लॅक्टेट हेच अन्न असतं. ते खाऊन हे जीवाणू प्रोपिओनेट नावाचं साधं आम्ल बाहेर टाकतात, ते रक्तात परत जातं, यकृत त्याची साखर करतं आणि ती साखर पुन्हा स्नायूंना मिळते. असे जीवाणू थोडेफार सगळ्यांच्याच पोटात असतात. पण तेरा वर्षांपूर्वी मिहीरनं जो वाण शोधला होता, तो हे काम नेहमीच्या जीवाणूच्या चाळीसपट वेगानं करत होता. मिहीरनं त्याला आपल्या नावाची आद्याक्षरं दिली होती. एम-एस-७. आता कंपनी त्याच्या कॅप्सूल करत होती. त्यांचं नाव होतं 'अथक'.

एकच अडचण होती. हा जीवाणू परक्या पोटात रुजत नसे. चार दिवस राहून तो निघून जाई. म्हणून कॅप्सूल रोज सकाळ-संध्याकाळ घ्यावी लागे, आणि मिहीर त्या एका लहानशा थंड फ्लास्कमध्ये सायकलच्या पिशवीतच ठेवत असे. रुग्णांवरच्या चाचण्या चांगल्या झाल्या होत्या. हृदय अशक्त झालेली माणसं पुन्हा अंगणात फिरू लागली होती. परवान्याची सुनावणी पुढच्या महिन्यात होती आणि हा प्रवास लोकांना दाखवण्यासाठी होता: शोधणारा माणूस स्वतःच्या पोटावर विश्वास ठेवून देश ओलांडतोय.

"मिहीर, तुला कोणीतरी भेटायला आलंय," रेवती फाटकाकडे पाहत म्हणाली.

फाटकातून एक बाई येत होत्या. पन्नाशीच्या. हातात स्टीलचा डबा. दहा-बारा पावलं टाकली की त्या थांबत, खांबाला हात लावत आणि मग पुढे येत. मिहीरनं त्यांना ओळखलं ते चेहऱ्यावरून नव्हे, आवाजावरून.

"काय डॉक्टरसाहेब, वयखलं का नाई?"

मिहीर उठून उभा राहिला. "वनमालाताई?"

"हाओ. पेपरात फोटो पाह्यला तुहा. म्या आमच्या मालकाले म्हटलं, पाहा, हा आमचा डॉक्टरसाहेब." त्यांनी डबा त्याच्या हातात दिला आणि जवळच्या बाकावर टेकल्या. धाप ओसरायला वेळ लागला. "गरम हाये अजून. सांभारवडी. तुले आवडे नं."

त्यांच्या मागून त्यांचे यजमान आले, गुलाबराव. त्यांनी हात जोडले. रिक्षा बाहेर लावून आले होते.

"ताई, तुम्ही सायकलवर नाही आलात?" मिहीरनं विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, हे विचारायला नको होतं.

"आता कुठची सायकल बाप्पा," त्या हसल्या. "उद्या जेवाले ये घरी. तांडापेठेतच राहतो अजून. हे घ्यायले येतीन."

त्या गेल्यावर रेवतीनं डबा उघडला, एक वडी तोंडात टाकली आणि विचारलं, "कोण रे या?"

"मी इथल्या संस्थेत पीएच.डी. करत होतो ना, तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमधून रक्ताचे नमुने घेऊन यायच्या."

एवढंच तो बोलला. बाकीचं त्यानं तेरा वर्षांत कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

*

त्या वेळी वनमाला निमजे अडतीस वर्षांच्या होत्या. कॅरिअरला बर्फाची पेटी बांधलेली सायकल घेऊन त्या रोज चाळीस-पन्नास किलोमीटर शहरभर फिरत. मे महिन्यात, पारा शेहेचाळीसला असताना, त्या संस्थेचे दोन मजले चढून येत आणि वहीत सही करत. सहीतलं एकही अक्षर हललेलं नसे. मिहीर तेव्हा थकव्यावरच काम करत होता आणि त्याचा प्रयोग वर्षभर अडला होता. एकदा त्यानं गमतीनं त्यांना चार वेळा जिना चढायला लावला आणि बोटाला सुई टोचली. लॅक्टेट जवळजवळ हललंच नव्हतं. त्यानं यंत्र दोनदा तपासलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांच्या हातात एक छोटी डबी दिली आणि म्हणाला, "जंतांची तपासणी आहे ताई. सगळ्यांचीच करतोय." इंग्रजी फॉर्मवर सही घेतली. "ही रिपोर्टसाठी."

जीवाणू मिळाला. पण वाढवायला आणखी हवा होता. मग तो म्हणाला, "थोडी शंका आहे, परत नमुना लागेल." असं एकदा नाही, चारदा. प्रत्येक वेळी वनमालाताई विचारत, "काही वाईट तर नाई नं?" आणि तो सांगे, "बघू, रिपोर्ट येऊ दे."

मग पुण्याहून कंपनीचं बोलावणं आलं. आठ दिवसांत त्यानं खोली सोडली. गोठवलेल्या नळ्या बर्फात घालून नेल्या. शोधनिबंधात लिहिलं: 'स्रोत: निरोगी प्रौढ व्यक्ती, संमती घेतलेली.' वनमालाताईंना रिपोर्ट सांगायचं राहून गेलं.

*

दुसऱ्या दिवशी गुलाबरावांच्या रिक्षानं तो तांडापेठेत गेला. सायकलची पिशवी त्यानं खांद्याला लावली होती, कारण फ्लास्क तो कुठंच सोडून जात नसे. घर पहिल्या मजल्यावर होतं. खालच्या खोलीत एक जुना हातमाग उभा होता, त्यावर धुतलेले कपडे वाळत होते.

वनमालाताई खाली दाराशीच उभ्या होत्या. त्याला बघून त्या वर चढू लागल्या. सात पायऱ्यांनंतर त्या थांबल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मिहीर त्यांच्या मागे दोन पायऱ्या खाली उभा होता. त्याचा श्वास शांत चालला होता. आपला श्वास त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं तो धरून ठेवला.

"तू हो समोर," त्या म्हणाल्या.

"नको. काही घाई नाही, ताई."

वर गेल्यावर त्या स्वयंपाकघरात शिरल्या. पाटवडीच्या रश्शाचा वास येत होता. गुलाबरावांनी सतरंजी अंथरली, तांब्या-भांडं आणून ठेवलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "तुमी आले, बरं झालं साहेब. कालपासून एकच चाललं तिचं, डॉक्टरसाहेब येणार, डॉक्टरसाहेब येणार. नाईतर आजकाल बोलत नाई जास्त."

"तब्येत कधीपासून अशी आहे?"

गुलाबरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तुमी गेले नं पुण्याले, त्याच वर्षी. तिले काहीतरी मनात बसलं होतं. मले सांगितलंच नाई. तिची माय पोटाच्या कॅन्सरनं गेली, तुमाले ठाऊक नसन. हिले वाटलं, आपल्यालेबी तेच. दिवसभर सायकल चालवायची अन् रात्री देवापाशी बसून रडायची. मी इचारलं तं म्हणे, काही नाई. दोन महिन्यांनी एकटीच गेली इथल्या एका डॉक्टरापाशी. त्याले म्हणे, माह्या पोटात काहीतरी शंका हाये, मोठ्या संस्थेतल्या डॉक्टरनं पाच वेळा तपासलं. त्यालेबी वाटलं असन, पाच वेळा तपासलं म्हणजे काहीतरी असनच. त्यानं दोन-दोन जातीच्या जबर गोळ्या देल्ल्या. एकवीस दिवस. जुलाब लागले, दहा किलो उतरली. त्यातून उठली, पण मंग पाय गेले ते गेलेच. पाचपावलीचा पूल चढली सायकलवर, अन् मधातच खाली बसली. लोकं जमा झाले. त्याच दिवशी सायकल ठेवून देल्ली."

मिहीरच्या हातातलं भांडं सतरंजीवर कलंडलं. पाणी पसरलं. गुलाबरावांनी खांद्यावरचा पंचा त्यावर टाकला.

"होते, होते. राहू द्या."

एकवीस दिवस, दोन प्रतिजैविकं. तेवढ्यानं आतड्यातली वस्ती धुऊन निघते. बाकीचे जीवाणू हळूहळू परत येतात, पण जो वाण जगात एकाच पोटात होता तो कुठून परत येणार? मिहीरला गणित समजायला एक क्षणही लागला नाही. त्या डॉक्टरानं औषध दिलं होतं ते शंकेवर, आणि ती शंका मिहीरनं बनवली होती.

"काय सांगून राहिले तुमी त्याले?" वनमालाताई ताटं घेऊन बाहेर आल्या. "जेवाले बोलावलं का रडगाणं ऐकवाले? वय झालं, पाय थकले. सगळ्याईचेच थकतात."

"तेव्हा तुम्ही एकोणचाळीसच्या होतात," मिहीर म्हणाला.

"तं मंग? कोणाचे लवकर थकतात."

त्यांनी वाढलं. मिहीरनं पहिला घास घेतला. त्यानं पिशवीतला फ्लास्क बाहेर काढला. त्याचं डोकं वेगानं चालत होतं. परक्या पोटात हा जीवाणू रुजत नाही. पण हे पोट परकं नव्हतं. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ घेतलं तर कदाचित धरेल. कोणाला काही सांगायला नको. ताईंचे पाय परत येतील, सुनावणी सुरळीत होईल, रुग्णांना औषध मिळेल. सगळं नीट होईल.

"ताई, ह्या शक्तीच्या गोळ्या आहेत. मीच घेतो रोज. पंधरा दिवस घेऊन पाहा," तो म्हणाला आणि एक कॅप्सूल त्यांच्या तळहातावर ठेवली.

वनमालाताईंनी कॅप्सूलकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू देते म्हणजे चांगलीच असन," असं म्हणून त्यांनी भांडं उचललं आणि हात तोंडाकडे नेला.

"थांबा!"

मिहीर एवढ्या मोठ्यानं ओरडला की गुलाबराव दचकले. त्यानं वनमालाताईंचं मनगट धरलं होतं. ते मनगट फार बारीक होतं.

"आधी ऐका, ताई. मग घ्यायची की नाही ते ठरवा."

आणि त्यानं सांगितलं. आधी जीवाणूचं सांगितलं, सोपं करून, जसं तो व्याख्यानात सांगायचा. मग त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा लपतोय, या वेळी विज्ञानामागे. तेव्हा त्यानं बाकीचं सरळ सांगितलं. जंतांची तपासणी नव्हती. ज्या फॉर्मवर सही घेतली तो रिपोर्टचा नव्हता. मी आज ज्याच्या जोरावर सायकल चालवतोय ते तुमच्या पोटातून नेलेलं आहे.

वनमालाताईंनी कॅप्सूल ताटाच्या कडेला ठेवली, मिठाच्या बाजूला.

"जंत नव्हते?"

"नव्हते."

"अन् ती शंका?"

"नव्हती ताई. कसलीच नव्हती. इतकं निरोगी पोट मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही."

"मंग परत काहून मांगतला?"

"मला जास्त हवं होतं."

"तं असंच सांगायचं होतं नं, मले जास्त पाहिजे. मी काय नाई म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलं."

"तुले काय माहीत?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "म्हटलंबी असतं. तू इचारलंच नाई, तं आता मी काय म्हटलं असतं ते तू काहून ठरवतं?"

मिहीरनं फ्लास्कचं झाकण लावलं.

"मी दहा वर्षं त्या लॅबचे नमुने नेले," त्या म्हणाल्या. "लोकाईच्या घरचं काय काय त्या पेटीत होतं. एकाचाबी डबा कधी उघडून नाई पाह्यला मी. कोणाचं नावसुद्धा नाई वाचलं." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "मी तुले फोन केला होता. दोनदा."

इथं त्याला खोटं बोलता आलं असतं. नंबर बदलला होता, असं म्हणता आलं असतं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "फोन हातातच होता माझ्या. तुमचं नाव दिसलं. पेटंटचे कागद चालले होते. तुम्ही रिपोर्ट विचाराल आणि मला काहीतरी सांगावं लागेल, म्हणून नाही उचलला. उद्या करू म्हटलं. दुसऱ्यांदाही तसंच."

गुलाबराव उठले. "साहेब, तुमी उठा इथून," ते म्हणाले.

"बसा तुमी," वनमालाताई म्हणाल्या. "ताटावरून कोणी कोणाले उठवायचं नाई माह्या घरात. जेव, डॉक्टरसाहेब. पूर्ण जेव."

मिहीर जेवला. वनमालाताईंनी त्याच्या ताटातली वाटी रिकामी झाली तेव्हा पुन्हा रस्सा वाढला, भाताबरोबर तूप वाढलं, काहीच झालं नसल्यासारखं. त्याला वाटलं, या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळे वर करून त्यांच्याकडे बघता तरी आलं असतं. त्यानं भाताचं शीत न् शीत संपवलं आणि ताट घेऊन स्वतः मोरीवर गेला. त्यांनी अडवलं नाही.

तो परत आला तेव्हा सतरंजीवर एक वही आणि पेन ठेवलं होतं.

"लिही," त्या म्हणाल्या. "जे बोलला ते सगळं. मराठीत लिही. मले समजलं पाहिजे."

लिहायला दीड तास लागला. इतक्या वर्षांत त्यानं या जीवाणूवर शेकडो पानं लिहिली होती, पण त्यांत 'मी' हा शब्द कुठंच नव्हता. 'नमुना घेण्यात आला', 'संमती प्राप्त झाली', असंच सगळं. इथं प्रत्येक वाक्य 'मी'पासून सुरू होत होतं. वनमालाताईंनी चष्मा लावला, बोट ठेवून हळूहळू वाचलं. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"इथं तू लिहिलं, संपर्क राहिला नाई."

"हो."

"संपर्क नाई राहिला का तू फोन उचलला नाई?"

त्यानं ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: 'वनमालाताईंनी मला दोन वेळा फोन केला. मी मुद्दाम उचलला नाही.'

"सही कर. तारीख टाक."

त्यानं सही केली. त्यांनी पानं फाडून गुलाबरावांकडे दिली आणि फोनवर त्यांचे फोटो काढून मिहीरलाही पाठवायला सांगितले. मग कॅप्सूल उचलून मिहीरच्या हातात ठेवली.

"हे घेऊन जा. मले घ्यायची का नाई ते मी ठरवीन. चांगल्या दवाखान्यात जाईन, कागद वाचीन, मंग ठरवीन. तुह्या हातातून नाई घेणार."

निघताना मिहीर वाकून पाया पडू लागला. त्या एक पाऊल मागे सरकल्या.

*

विश्रामगृहात रेवती अंगणातल्या हौदाच्या काठावर बसली होती. मिहीरनं वहीच्या पानांचे फोटो तिच्यापुढे धरले. तिनं पूर्ण वाचलं.

"हे कोणाला पाठवलंस?"

"अजून नाही. नीतिमत्ता समितीला पाठवतोय. आणि परवाना मंडळाला."

"मिहीर, संमतीच खोटी असेल तर त्यावर उभी असलेली प्रत्येक चाचणी अडेल. वर्ष जाईल, दोन जातील. त्या हृदयाच्या पेशंटांचं काय? सांगलीच्या त्या आजोबांचा व्हिडिओ तूच दाखवायचास ना सगळ्यांना? त्यांना काय सांगणार?"

"माहीत नाही."

"सुनावणीनंतर पाठव. फक्त एक महिना."

मिहीरला हे म्हणणं चुकीचं वाटलं नाही. हीच तर भीती होती. कालपर्यंत त्यानं स्वतःला अगदी हेच सांगितलं असतं, आणि तेही याहून चांगल्या शब्दांत.

"तेव्हाही मी उद्या करू म्हटलं होतं," तो म्हणाला आणि तिथंच बसून त्यानं कागद पाठवले.

रेवती उठली. "मी वर कळवते," एवढंच म्हणून व्हॅनकडे गेली. प्रवास तिथंच संपला. फ्लास्क सीलबंद करून परत द्यावा लागला. तिसऱ्या दिवशी परतीच्या रेल्वेच्या पुलाचा जिना चढताना, सायकल खांद्यावर घेतलेल्या मिहीरला धाप लागली. चौथ्या दिवशी, पुण्यात, त्याच्या पोटात एम-एस-७ चा मागमूस उरला नव्हता.

*

पुढचं सगळं हळू झालं, जसं अशा गोष्टींत होतं. परवाना थांबला. मिहीरला कंपनी सोडावी लागली. शोधनिबंध मागे घेतला गेला आणि तो जिथं बोलायला जायचा त्या लोकांनी त्याचे फोन घेणं बंद केलं. सांगलीचे आजोबा चाचणी बंद झाल्यावर सात महिन्यांनी वारले. ते एरवीही वारले असते का, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. त्यांच्या मुलीनं मिहीरला पत्र लिहिलं. त्यात फक्त विचारलं होतं, की तुम्ही आधीच खरं वागला असतात तर बाबांना औषध मिळत राहिलं असतं ना? मिहीरनं 'हो' असं उत्तर लिहिलं आणि पाठवलं.

एका वर्षानं नव्या समितीनं वनमालाताईंना बोलावलं. मराठी फॉर्म त्यांच्यापुढे मांडला. त्यांनी तो दोन दिवस घरी नेला, एका वकिलाकडून वाचून घेतला, तीन जागी बदल करायला लावले आणि मग सही केली. जीवाणूवर काम पुन्हा सुरू झालं. त्याच फॉर्मप्रमाणे नागपूरच्या एका रुग्णालयात त्यांना स्वतःचाच वाण परत देण्याचा प्रयत्न झाला. मिहीर या कामात कुठंच नव्हता. तो आता सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्रात्यक्षिकं घेत असे. समितीतल्या एका ओळखीच्या बाईंना त्यानं एवढंच सांगून ठेवलं होतं, की काय होईल ते मला कळवा.

कळवलं ते वनमालाताईंनीच. एका दुपारी फोन वाजला, पडद्यावर त्यांचं नाव होतं. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"मी बोलून राहिली, वनमाला."

"बोला, ताई."

"नाई झालं. तीन वेळा देल्लं त्यायनं. डॉक्टरीणबाई म्हणे, तेरा-चौदा वर्षांत आतमधी दुसरे जीवाणू वसले, त्याले आता जागा नाई राहिली. बाटलीत म्हणे मस्त वाढते. माह्यातच नाई धरत."

मिहीरला हे माहीत होतं. शास्त्र म्हणून माहीत होतं. अशी जागा एकदा गेली की बहुतेक वेळा जातेच, हे त्यानंच कधीतरी विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. देशातल्या चार प्रयोगशाळांत, शीतपेट्यांत, हजारो नळ्यांमध्ये तो जीवाणू सुखरूप होता.

"ताई, मी..."

"थांब, ऐक. त्या हृदयवाल्या लोकाईले दवाखान्यात फायदा होऊन राहिला म्हणते. होऊ दे. मी कागदावर सही केली ती त्याच्यासाठीच. तुह्यासाठी नाई."

"हो."

"पुढच्या आठवड्यात माहा शेवटचा रिपोर्ट येणार हाये. मले तो मराठीत पाहिजे. डॉक्टरीणबाईले मराठी लिहाले जमत नाई, ती म्हणे कोणाकडून तरी लिहून घ्या."

"मी लिहितो, ताई. लगेच लिहितो. प्रत्येक शब्द..."

"नाई," वनमालाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू नको लिहू. दुसरं कोणी असन तुह्या ओळखीचं, खरं लिहिणारं, तं त्याले सांग."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. त्या म्हणाल्या, ठेवते, आणि फोन बंद झाला.

प्रयोगशाळेत मुली वाट पाहत उभ्या होत्या. मिहीरनं त्यांना सूक्ष्मदर्शकं काढायला सांगितली आणि तो बाहेर व्हरांड्यात आला. ओळखीच्या माणसांची नावं तो एकेक करून आठवू लागला. खरं लिहील असं वाटणारी तीन-चार नावं निघाली. त्यांतल्या प्रत्येकाला आधी हे सांगावं लागणार होतं, की रिपोर्ट तू का लिहायचास आणि मी का नाही. त्यानं पहिला नंबर लावला.